भिंतीपलीकडचा पाना

समजा, तुम्ही एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत उभे आहात. नवाकोरा मोठा टीव्ही जमिनीवर टेकवून ठेवलाय. तो लावायला आलेला कारागीर टीव्हीकडे बघतच नाही, भिंतीवर बोटं आपटून कान देतोय. तुमच्या जवळच्या भिंतीवरही असंच वाजवून बघा. भक्कम भिंत ‘ठक’ करते, कच्ची भिंत ‘ढब’. ही भिंत ढब करत होती.

“साहेब, ही भिंत आहे की बिस्कीट?” कारागीर म्हणाला. त्याने ड्रिल लावलं तसा भुगा भसाभस खाली आला. भोकात प्लॅस्टिकची गुट्टी ठोकली, ती बोटाने ओढताच बाहेर आली. “ही मूळच्या घरातली नाही. मागाहून कुणीतरी घाईघाईत घातलीय.”

“वाटणीच्या वेळी,” मुंगीचे बाबा म्हणाले. “पलीकडे माझा मोठा भाऊ राहतो.”

बाकीच्या भिंतींचा काही उपयोग नव्हता. एकीत खिडक्या, एकीत दार, उरलेलीला ओल.

“मग एकच उपाय. आरपार बोल्ट घालायचे. पलीकडून लोखंडी पट्टी लावायची, नट आवळायचे. मग भार पट्टीवर जातो, विटांवर येत नाही. फक्त पलीकडे माणूस पाहिजे.”

“राहू दे,” बाबा म्हणाले. “टेबलावर ठेवू.”

बाबांचं आणि काकांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. दोघांची दारं वेगवेगळ्या गल्ल्यांत उघडायची, त्यामुळे तोंड बघायचीही वेळ येत नसे. भिंतीतून काकांचा रेडिओ तेवढा ऐकू यायचा. हल्ली तोही येत नव्हता.

“आता रेडिओसुद्धा हळू लावतो,” बाबा परवाच म्हणाले होते. “आमच्या कानावर पडायला नको म्हणून.”

“मी काकांना विचारून येते,” मुंगी म्हणाली. बाबांची ही मुलगी चणीने लहान आणि सदा काहीतरी वाहून नेत असलेली, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं.

बाबा हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत. ती धावत सुटली.

तिला बराच वेळ लागला. तोवर बाबा फडकं घेऊन टीव्ही पुसत राहिले.

“झिजेल साहेब तो,” कारागीर म्हणाला. “अजून चालू पण नाही केला.”

मुंगी आली आणि उंबऱ्यातच थांबली. बाबांचं फडकं थांबलं. कुणाच्या शब्दाची एवढी वाट बघताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“हो म्हणाले,” मुंगी म्हणाली. “पट्टी आणि पाना द्या म्हणाले. मीच आवळतो म्हणाले.”

“मी जातो की,” कारागीर म्हणाला.

“नको. कुणी येऊ नका म्हणाले. मीच थांबते तिकडे, पट्टी धरायला.”

“स्वभावच आहे त्याचा,” बाबा म्हणाले. मग जरा थांबून, “आणखी काही म्हणाला?”

“नाही.”

सगळं सामान दोन्ही हातांत धरून मुंगी गेली. पलीकडून टकटक झाली तसं कारागिराने ड्रिल चालवलं. बाबांनी टीव्हीचं लोखंडी स्टँड भिंतीला दाबून धरलं. बोल्ट आत गेला आणि पलीकडे पाना हळूहळू फिरू लागला.

“आधी वायसर, काका. मग नट,” कारागिराने हाक दिली.

उत्तर आलं नाही.

“बोलत नाहीत फारसे.”

“माझ्याशी नाही बोलत,” बाबा म्हणाले.

“मी काय केलंय मग?”

बाबांना हसू आलं. त्या भिंतीकडे बघून ते पहिल्यांदाच हसत असावेत. एकेक बोल्ट घट्ट होत गेला. शेवटचा आखूड निघाला. लांब बोल्ट आणायला कारागीर बाहेर आपल्या गाडीकडे गेला.

खोलीत बाबा एकटेच उरले. समोर मोकळं राहिलेलं भोक होतं. त्याला डोळा लावायचा त्यांना धीर झाला नाही. त्यांनी तोंड जवळ नेलं.

“दादा.”

पलीकडचा पाना थांबला.

“आपले बाबा अंथरुणावर होते, तेव्हा तू घरासाठी त्यांची सेवा करतोस असं मी चारचौघांत बोललो. तसं नव्हतं, मला माहीत होतं. मला ते आजारपण बघवत नव्हतं, म्हणून मी लांब पळालो. तू पळाला नाहीस, त्याचाच मला राग आला.” त्यांनी कपाळ भिंतीला टेकलं. “इतकी वर्षं तोंड उघडवत नव्हतं. आज तू पाना हातात घेतलास म्हणून बोलतोय. तू काही बोलू नकोस. राग गेला असेल तर नुसतं एकदा ठोक. मी आत्ताच तुझ्या दारात येतो.”

बाबांनी भोकाला कान लावला.

पलीकडच्या खोलीत मुंगी एका पालथ्या डब्यावर उभी होती. खोलीत दुसरं काहीच नव्हतं. खाट नाही, रेडिओ नाही, खिडकीला पडदाही नाही. काका सगळं सामान घेऊन कायमचे मुलाकडे राहायला गेले, असं तिला घराची किल्ली देताना गल्लीतल्या शिंप्याने सांगितलं होतं. जाताना ते बराच वेळ बाबांच्या दाराबाहेर उभे होते म्हणे, पण कडी न वाजवताच परत फिरले. मुंगीने तोंडावरचा हात काढला, गाल पुसले, पाना दोन्ही हातांनी उचलला आणि मोठ्या माणसाने ठोकावं तसं भिंतीवर एकदा ठोकलं.