टकटक

खडक फोडण्याआधी त्यावर दोनदा टकटक करून “येऊ का?” असं विचारायचं, ही या ग्रहावरच्या यंत्रमानवांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आज घाईत सगळेच विसरले. ड्रिल आत घुसलं, जमीन दुभंगली आणि ग्रहाच्या पोटात युगानुयुगं झोपलेलं ते अजस्र जनावर उठून उभं राहिलं.

त्याचं डोंगराएवढं डोकं शहराच्या वेशीवर आलं, तसा सूर्य झाकला गेला. पाठीवरून मातीच्या नद्या ओघळत होत्या. तोफा रोखलेल्या होत्या, पण डागायला कुणाचा हात उचलेना. सगळे नुसते मान वर करून बघत राहिले.

“काकू, मागे व्हा! चिरडेल ते तुम्हाला!” तोफखान्याचा प्रमुख पोलाद ओरडला.

खाणीतल्या सर्वांत जुन्या कामगार जस्तकाकू वेशीतून हलल्या नाहीत. “थांब रे जरा. ते काय करतंय, बघ तरी.”

जनावरानं पंजा उचलला. पोलादनं डोळ्यांचे दिवे मिटले.

पंजा अलगद खाली आला. एका नखानं वेशीच्या दगडावर दोनदा टकटक केली. मग ते अवाढव्य जनावर श्वास रोखून, वाट बघत थांबलं.

काकू बाजूला झाल्या.

“या,” त्या म्हणाल्या. “विचारायला विसरलो, ते आम्हीच.”