वाटीभर सॅलड

पोर व्हावं म्हणून कौसल्याबाईंनी सोनलला रोज बीट, मोडाची मटकी न् जवस कालवलेलं सॅलड डोळ्यांदेखत खायला लावलं. तरी दिवस राहीनात, तेव्हा वांझ म्हणून लासुर्ण्याहून माहेरी धाडलं आणि लेकाचं दुसरं लग्न लावलं.

सोनलनंही निरवांगीत दुसरा संसार मांडला. आज ती इंदापूरच्या बाजारात भाजी विकत होती, तर तीच जुनी सासू समोर येऊन बसली.

"चांगली बिटं दे गं. नव्या सुनेचीबी कूस उजवंना," बिटं निवडताना बाई मान खाली घालूनच म्हणाल्या.

पदराखाली पिणारं लेकरू सावरत सोनलनं त्यांची पिशवी गच्च भरली.



"आत्याबाई, ह्या खेपेला वाटी सुनेपुढं नगा ठिवू. लेकापुढं ठिवा."