आधी तिचं रान

कोंडीबाची मेंढरं चार रात्री ज्या रानात बसत, तिथला कोरडवाहू गहूसुद्धा लेंडीखतावर तरारून येई. पेरणी जवळ आली की माणदेशातले शेतकरी त्याची पाठ सोडत नसत. यंदा मात्र त्यानं सगळ्यांना थांबवलं. "एका बाईला शब्द दिलाय. आदी तिचं रान."

पाचव्या दिवशी सकाळी तो मेंढरं रात्रीच्या जाळीच्या कुंपणाबाहेर काढत होता, तेवढ्यात अंबूबाई सुपातनं पीठ, डाळ, गूळ घेऊन बांधावर आली. मेंढरं बसवणाऱ्याला रानाच्या मालकिणीनं शिधा द्यायचा, ही रीतच.

कोंडीबानं मुंडासं पसरलं. "मालकीणबाई, गूळ लय घातलाय."

"घालणारच की. जल्मात पयल्यांदा आपलं सवताचं रान झालंय," अंबूबाई, त्याची बायको, पदराआड हसत म्हणाली.