सहा आकड्यांची चादर

"जन्माचा दाखला दिला, शाळेचा दिला, ओळखपत्र दिलं. आता आणखी कुठला कागद आणू?" घडीवालीने विचारलं.

दवाखान्याच्या धुलाईखान्यात आज यंत्रं बंद होती. कामगार खात्याच्या बाई इस्त्रीच्या टेबलाशी फाइल उघडून बसल्या होत्या. बाकीच्या बायकांना बाहेर थांबवलं होतं. त्या खिडकीला चिकटल्या होत्या. मुकादमाने आठ दिवसांपूर्वी घडीवालीला कामावरून घरी बसवलं होतं. आज निर्णय विरुद्ध गेला तर नोकरी जाणार होती, वर 'सीमेपलीकडून चोरून आलेली' हा शिक्का जन्मभराचा.

"बाई, हे सरकारी दवाखान्याचं काम," मुकादम म्हणाला. "लोकांच्या करातून पगार निघतो. चोरवाटेने आलेल्यांना त्यातून पोसायचं का? आणि कागद काय, हवे तसे बनवून मिळतात."

"कागद नसलेल्याला ठेवणं गुन्हाच आहे," बाई म्हणाल्या. "पण कागद दाखवलेल्याला नुसत्या बोलण्यावरून काढणं हाही गुन्हाच. हिचाच संशय का आला?"

"चादरींच्या घड्या घालताना ही सीमेपलीकडच्या भाषेत मोजते. माणूस बोलायला काहीही शिकतो हो, पण मोजतो मायबोलीतच."

बाईंचं पेन थांबलं. घडीवाली टेबलाजवळ सरकली.

"मला इथल्याच जुन्या कामवाल्या मावशीनं शिकवलं," ती म्हणाली. "ती पलीकडची होती, रीतसर आलेली. चादर दोघींनी धरायची, ताणायची, झटकायची, टोकं जुळवायची. सहा आकड्यांत घडी. तिच्याच आकड्यांवर हात चालतो माझा."

"कुठे असतात या मावशी?"

"वारली. तीन वर्षं झाली."

"घ्या," मुकादम हसला. "साक्षीदार थेट वर."

बाईंनी गठ्ठ्यातली एक चादर उचलली. "मला बघू द्या. मुकादम, दुसरं टोक तुम्ही धरा. जमेल ना?"

"जमेल ना म्हणजे? नऊ वर्षं याच टेबलावर घासलीत, तेव्हा कुठे मुकादम झालो."

त्याने बाह्या सारल्या आणि ऐटीत टोक पकडलं. समोरचं टोक घडीवालीने धरलं, पण आज भीतीने मोजायचं टाळलं. चादर ताणली गेली, झटकली गेली, आणि त्या शांततेत एक खणखणीत आवाज मोजू लागला. एक, दोन, तीन, चार. सगळे आकडे पलीकडच्या भाषेतले.

चौथ्याला मुकादमाला स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्याचे हात हवेतच थिजले.

पाचवा आणि सहावा आकडा खिडकीबाहेरून आला, साऱ्याजणींच्या तोंडून, एका सुरात.

बाईंनी फाइल मिटली. "उद्यापासून कामावर या," त्या घडीवालीला म्हणाल्या.

घडीवालीने मुकादमाच्या हातातून चादरीचं टोक हळूच सोडवून घेतलं.

"मग मुकादम," ती म्हणाली, "कागद मागायला सुरुवात कोणापासून करायची?"