वैयक्तिक संबंध

विषय क्रमांक सहा होता, ओढ्यावरच्या पुलाला कठडा बांधण्याचा. अध्यक्षांनी नियमाप्रमाणे विचारलं, "या विषयात कुणा सदस्याचा वैयक्तिक संबंध आहे का?"

मागच्या रांगेतले मास्तर उठले. "माझी मुलगी गेल्या महिन्यात तिथूनच पडून गेली."

"मग तुम्हाला मत देता येणार नाही, मास्तर. बाहेर थांबावं लागेल."

मास्तर वाद न घालता बाहेर गेले. बाकावर बसून त्यांनी समोरच्या फलकावरची पाणीकपातीची सूचना दोनदा वाचली. डोक्यात काहीच शिरलं नाही. थोड्या वेळाने शिपायाने दार उघडलं.

"या आत. पाच विरुद्ध पाच झाले. समान मतं पडली की ठराव बारगळतो."

"बरं," म्हणून मास्तर जागेवर येऊन बसले.

अध्यक्षांनी आयत्या वेळचा विषय घेतला. सदस्याच्या कन्येच्या निधनाबद्दल शोकप्रस्ताव.

"अनुमोदक कोण?" सचिवांनी विचारलं. कागदातून कुणी डोकं वर काढेना. शेवटी मास्तरांनीच हात वर केला.

सचिवांनी नियमांचं पुस्तक चाळलं.

"चालेल," ते म्हणाले. "यात संबंध आड येत नाही."