एक खोकं कमी

दुपारची भाकर खाताना पंचफुलाची नजर कोपऱ्यातल्या फाटक्या खोक्यावर गेली आणि हातातला घास हातातच राहिला. लाल बटण दाबायचं राहून गेलं होतं.

लातूरच्या त्या गोदामातून दुष्काळी चारा छावण्यांना माल जायचा. माणसांसाठी जलसंजीवनी आणि जनावरांसाठी गोचीड मारायची विषारी पावडर. दोन्ही पांढऱ्या, पिशव्या सारख्या, खोकी सारखी. पट्ट्यावरून एक खोकं औषधाचं, एक विषाचं असं आळीपाळीनं यायचं आणि मशीन त्यावर आपोआप बारकोडची चिठ्ठी चिकटवायची. आत काय आहे ते फक्त चिठ्ठी सांगायची.

मशीनला डोळे थोडेच असतात? ती नुसती पाळी मोजते. मधलं खोकं काढलं, तर लाल बटण दाबून त्याची चिठ्ठी रद्द करायची. नाहीतर ती मागच्या खोक्यावर बसते, त्याची त्याच्या मागच्यावर, आणि विषाला औषधाचं नाव लागतं.

सकाळी आधी नायगावचा माल गेला, मग जळकोटचा. जळकोटचं पहिलंच खोकं फाटकं निघालं. पंचफुलानं ते उचललं, तेवढ्यात शेजारच्या नागुबाईचा फोन आला. गल्लीत दहा दिवसांनी टँकर आला होता. आपल्या घागरी कोण भरणार, या घोरात बटण राहिलं.

जळकोटच्या छावणीत जलसंजीवनी कालवून वाटायचं काम तिच्या सख्ख्या भावाकडे, लिंबाजीकडे होतं. तिनं तीनदा फोन लावला. तो उचलेना. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणत ती सुपरवायझर रेणुकादासांपुढे उभी राहिली.

"साहेब, खोकं काढलं पर बटण दाबलं न्हाई म्या."

रेणुकादासांचा चेहरा उतरला. "काल भरल्या पट्ट्यावर लाइट गेली, तरी सकाळी मशीन पुन्हा पहिल्यापासून मोजत सुरू झाली. ती चुकत नाही, पंचफुलाबाई. तुम्ही चुकता."

इतक्यात लिंबाजीचाच फोन आला.

"लिंबाजी, कालवू नको ती पावडर."

"कालवली की, अक्का. दोन पिंपं. म्या सोताबी गिलासभर पिलो."

पंचफुलाला रडू फुटलं. "कशी लागली?"

"खारट-गोड. रोजच्यावानी. का रडायलीस?"

तिनं त्याला पुन्हा चाखायला लावलं, दुसऱ्या खोक्यातली. तीही खारट-गोड. जलसंजीवनीच होती. पंचफुलाला हसू आवरेना आणि रडूही. रेणुकादासांनी कपाळ पुसलं. "देव पावला. आता पाणी प्या आणि कामाला लागा."

तिनं तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

बटण दाबलं नव्हतं, हे नक्की. खोकंही समोर पडलेलं होतं. एक खोकं कमी होऊन पुढच्या चिठ्ठ्या बरोबर बसल्या होत्या. म्हणजे ते काढेपर्यंत, सकाळपासून, प्रत्येक चिठ्ठी एका खोक्यानं चुकत होती.

"साहेब," तिनं विचारलं, "नायगावचा माल पोचला का वो?"

"कधीच. सगळ्यांना जलसंजीवनी वाटून झाली म्हणून आत्ताच फोन येऊन गेला."