सहज उघडणारा चाकू

"डाव्या हाताने सहज उघडेल असा चाकू दाखवा. अर्धांगवायूने आप्पांचा उजवा हात गेलाय," मी दुकानदाराला म्हणाले. नोकरी सोडून माहेरी आल्यापासून आप्पांना मीच भरवत होते. निदान पेरू तरी त्यांनी स्वतः कापून खावा.

चाकू हातात दिला तर भांडण होतं म्हणतात, म्हणून दुकानदाराने चार-पाच चाकू काउंटरच्या काचेवर मांडले. त्यात लाकडी मुठीचा एक जुना, घट्ट चाकूही होता. स्टुलावर बसलेल्या आप्पांनी नेमका तोच उचलला. उजव्या अंगठ्याचं नख खाचेत घालून पातं उघडलं, धार पाहिली.

"काकांना तर काहीच अडचण दिसत नाही," दुकानदार म्हणाला.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. चाकू खाली ठेवला. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून रोजच्यासारखा मांडीवर ठेवला.